पहिल्या पावसात तिफन कोणाच्या हाती

मृगाचा दमदार पाऊस पडून गेला की वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पेरणीला फार दिवस मिळत नाहीत. आज पाय रुततो, परवा वापसा येतो, आणि चार दिवस कडक ऊन लागलं की वरची ओल उडून जाते. त्या मोजक्या दिवसांत मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या वावरात माझे आबाजी एक गोष्ट स्वतः ठरवायचे आणि त्यात घरच्या कोणाचं ऐकायचे नाहीत. ती गोष्ट म्हणजे तिफन कोणाच्या हाती द्यायची.

ट्रॅक्टर गावात यायच्या आधीचे हे दिवस. तिफनीला तीन फण. एका फेरीत तीन तासं पडतात. पुढे बैलजोडी, मागे रुमणं धरलेला माणूस आणि त्याच्या मागोमाग चाड्यात मुठीनं बी सोडत चालणारी बाई. वखर चुकला तर दुसऱ्या पाळीत दुरुस्त होतो. डवरा चुकला तर दहा-वीस झाडं उपटतात, पंधरा दिवसांत ती जागा नजरेआड होते. तिफन चुकली की तिचं वाकडं तास उगवून वर येतं आणि हंगामभर दिसत राहतं. नुसतं दिसतच नाही, तर पुढच्या प्रत्येक डवरणीत तिथे बैल अडतो. म्हणून गड्याची शिकवणी ठरलेली असे. आधी वखर, मग डवरा, सगळ्यात शेवटी तिफन.

त्या वर्षी वावरात तीन माणसं होती. एक जुना सालदार, वीस वर्षांचा अनुभव असलेला. दुसरा तिशीतला गडी, हाताला चांगला; पण आदल्या वर्षी त्याच्या हातून तिफनीचा फण दगडावर मोडला होता आणि तेव्हापासून तो रुमणं धरायला कचरायचा. तिसरा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, अंगात नुसती रग. आबाजी पोराच्या अगदी लगत चालायचे. त्याच्या हातावर हात ठेवून रुमण्यावर किती भार द्यायचा ते दाखवायचे, दर दहा पावलांवर बोलायचे. "खाली पाहू नको लेका, त्या बाभयीकडे पाय." तिशीतल्या गड्याला ते काहीच शिकवत नसत. सकाळी बैल जुंपताना फक्त विचारायचे, "यंदा कसं करतं बाप्पा? कोणत्या अंगानं सुरू करतं?" आणि तो सांगेल तिथून सुरू होऊ द्यायचे. जुन्या सालदाराची पाळी आली की ते धुऱ्यावर जाऊन सावलीत बसायचे, तेही वावराकडे पाठ करून. मी एकदा विचारलं, पाठ कशाला? तर म्हणाले, त्याच्या तासाकडे मी पाहतो असं त्याला दिसलं तर तो उद्यापासून मलाच विचारून काम करेल.

गावात याची टिंगलही व्हायची. म्हातारा माणूस पाहून वागतो, असं लोक म्हणायचे, आणि आपल्याकडे हे वाक्य कौतुकानं म्हटलं जात नाही.

१९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केनेथ ब्लँचर्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी जवळपास हीच गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत मांडली. मूल लहान असताना आईबाप त्याला बोट धरून चालवतात, मोठं होत जाईल तसं बोट सोडतात, या रोजच्या अनुभवावरून त्यांना कल्पना सुचली. म्हणून पहिल्यांदा त्यांनी तिला नेतृत्वाचं 'जीवनचक्र' म्हटलं. पुढे 'परिस्थितीनुरूप नेतृत्व' हे नाव रूढ झालं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. एक, काम कसं करायचं हे पुढाऱ्यानं किती सांगायचं. दोन, माणसाला धीर, कौतुक, ऐकून घेणं यांचा आधार किती द्यायचा. नवख्याला सांगणं जास्त लागतं. थोडं शिकून अडलेल्याला सांगणंही लागतं आणि समजावणंही. काम येतं पण मन खचलेलं आहे अशाला सांगायची गरज नसते, सोबतीची असते. आणि ज्याला काम येतं, मनही आहे, त्याच्यावर सोपवून दूर व्हायचं. आमच्या वावरातला पोरगा पहिल्या खान्यात, तिशीतला गडी तिसऱ्या, सालदार चौथ्या.

ब्लँचर्ड यांनी नंतर त्यात एक बदल केला आणि माझ्या मते मूळ मांडणीपेक्षा तो बदल जास्त खरा आहे. नवख्या माणसाचा उत्साह पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. आपल्याला काय येत नाही हेच त्याला ठाऊक नसतं. खरी घसरण होते ती दुसऱ्या टप्प्यात, थोडंफार शिकल्यावर. काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघतं, चुका दिसायला लागतात आणि माणूस हिरमुसतो. नोकरी लागून सहा-आठ महिने झालेला तरुण राजीनाम्याच्या गोष्टी करू लागतो तो याच वळणावर. साहेबाला वाटतं, आता याला शिकवून झालं. नेमका तेव्हाच त्याला साहेब सगळ्यात जास्त हवा असतो.

पण अनुभवी माणसाला जास्त सांगितलं तर काय बिघडतं? चिडेल, एवढंच ना? नाही, त्याचं कामही बिघडतं. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी शिकण्याच्या प्रक्रियेवर केलेल्या अभ्यासातून हे पुढे आलं. २००३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की पायरीपायरीनं दिलेल्या ज्या सूचना नवशिक्याला तारतात, त्याच जाणत्याला मारक ठरतात. कारण डोक्याची त्या क्षणी काम करणारी जागा फार लहान असते. नवख्याच्या डोक्यात कामाचा साचा तयार नसतो. बाहेरून मिळालेली सूचना ती पोकळी भरते. जाणत्याकडे साचा आधीच असतो. बाहेरून आलेली सूचना आणि आतला साचा यांचा ताळमेळ घालण्यातच त्याची ती लहानशी जागा खर्ची पडते. स्वयंपाकघरात हा प्रयोग रोज होतो. चाळीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या शेजारी उभं राहून कोणी, आता कड लाट, आता उलट, असं म्हणू लागलं की तिची पोळी फाटते.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी चुकून कळलं. एका सहकारी संस्थेत काही वर्षं माझ्या हाताखाली सात माणसं होती. मी स्वतःला फार न्यायी समजत असे, कारण मी सगळ्यांशी सारखा वागत होतो. दर सोमवारी प्रत्येकाकडून कामाचा तक्ता, दर शुक्रवारी तपासणी. त्यात एक ज्येष्ठ लेखापाल होते. खतावणीचं पान उघडलं की बेरीज कुठे चुकली ते त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्याकडूनही मी तोच तक्ता भरून घेत होतो. तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही सुचवणं बंद केलं. विचारलं तेवढंच सांगू लागले. नव्या मुलीलाही तेवढीच तपासणी, आठवड्यातून एकदा. तिला खरं तर रोज संध्याकाळी दहा मिनिटं हवी होती. सोमवारी झालेली तिची चूक शुक्रवारपर्यंत पन्नास खात्यांत पसरलेली असायची.

मग संस्थेत संगणक आला आणि सगळं उलटं झालं. खतावणीचा तो उस्ताद माऊसला हात लावायला घाबरू लागला आणि ती मुलगी सगळ्यांची मास्तरीण झाली. पायरी माणसाची नसते, कामाची असते, ही गोष्ट मला तेव्हा उमगली. एकच माणूस एका कामात चौथ्या खान्यात असतो आणि दुसऱ्या कामात पहिल्या. लेखापालांना त्या दिवसांत अगदी बारीकसारीक सूचना हव्या होत्या : हे बटण, मग ते बटण. पण त्या सूचना सगळ्यांदेखत दिलेल्या त्यांना नको होत्या. शेवटी आम्ही त्यांची शिकवणी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून ठेवली.

एकच माप सगळ्यांना चालत नाही, हे विदर्भातल्या माणसाला पटवायला खरं तर संत्र्याचं झाड पुरे. वरूड-मोर्शीकडे बहार धरायचा तर झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. ताण बसला की झाड वाढ थांबवतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलतं. पण ताण किती दिवस? हलक्या, मुरमाड जमिनीत तो थोड्या दिवसांत बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर धरून ठेवलेली असते, तिथे बरेच जास्त दिवस लागतात. हलक्या जमिनीतल्या झाडाला भारी जमिनीचा ताण दिला तर ते वाळतं. उलट केलं तर फूलच येत नाही. बागाईतदार पंचांग पाहतो, पण शेवटचा निर्णय पानांची मरगळ आणि पिवळेपणा पाहून घेतो.

आता उलट बाजू. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर जून २०२२ मध्ये झालेलं काम आठवा. ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी सुरू होऊन ७ जूनच्या संध्याकाळी ५ वाजता संपलेल्या त्या कामात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग, एका मार्गिकेत टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, २५ किलोमीटरच्या थोडा वरचा. इथे कामावर ७२० माणसं होती. डांबर-खडीचं मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं येतं आणि ठरावीक उष्णतेच्या खाली उतरायच्या आत त्यावर रोलर फिरावा लागतो. थर टाकणाऱ्या यंत्रासमोर डंपर रिकामा होत असताना कोणा एकाच्या मनाची अवस्था काय आहे हे विचारत बसायला वेळ नसतो. तिथे हुकूम लागतो, आणि तो सगळ्यांना एकच लागतो. आग, पूर, शस्त्रक्रिया, उकळतं डांबर, इथे माणसामाणसातला फरक त्या घटकेपुरता बाजूला ठेवावाच लागतो. पण कोणाला यंत्रावर बसवायचं, कोणाला डंपरच्या रांगेवर आणि कोणाला रात्रपाळीला, हे आधी ठरलेलं नसेल तर त्या घटकेला हुकूम देऊनही उपयोग होत नाही. माणसं ओळखण्याचं काम डांबर तापायच्या आधी संपलेलं असतं.

तापलेलं डांबर आणि मुठीतलं बी यांच्या मधोमध कुठेतरी आखाडा येतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये अनंत आणि अंबादासपंत वैद्य या बंधूंनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. कोणत्याही जुन्या आखाड्यात गेलात तर दोन थर दिसतील. पहिला सगळ्यांना सारखा : पहाटेची वेळ, लाल माती खणणं, जोर-बैठका, वस्तादाच्या पाया पडणं. त्यात सूट नाही, पाटलाचा पोरगा असो की हमालाचा. दुसरा थर प्रत्येकाचा वेगळा. उंच, लांब हातापायांच्या पोराला वस्ताद टांग शिकवतो, ठेंगण्या आणि गच्च बांध्याच्या पोराला पट काढायला लावतो. कोणाला चारचौघांत शिवी देऊन पेटवायचं आणि कोणाला बाजूला नेऊन पाठीवर थाप मारायची, हेही त्याच्या मनात पक्कं असतं. आखाड्यात कोणी याला पक्षपात म्हणत नाही, कारण पहिला थर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

हाताखालच्या माणसाकडे नीट पाहिलं नाही तर इजा होते, हे अक्षरशः खरं असलेली एक जागा अमरावतीतच आहे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले होमिओपॅथिक डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन, लोकांचे दाजीसाहेब, यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी शहरालगत तपोवन उभं केलं. पुढे १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तपोवन उभं राहिलं तेव्हा कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार यायला पस्तीस वर्षं अवकाश होता. समाज रुग्णाला दगड मारून हाकलत होता. दाजीसाहेबांनी रुग्णांना नुसतं पोसलं नाही, कामाला लावलं : शेती, हातमाग, सुतारकाम.

कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. कोपराजवळच्या मज्जातंतूला इजा झाली की करंगळी आणि अनामिका वाकतात; मुख्य म्हणजे कातडीची जाणीव जाते. आपण कुदळ धरतो तेव्हा हात दुखू लागला की नकळत पकड सैल करतो, बोटं हलवतो. ज्याला दुखतच नाही तो पकड घट्ट ठेवून तासन् तास खणत राहतो आणि संध्याकाळी तळव्याला भोक पडलेलं दिसतं. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पन्नाशीच्या दशकात हे सविस्तर दाखवून दिलं : कुष्ठरोग्याची बोटं झडतात ती रोगानं कुजून नव्हे, तर वेदना नसल्यामुळे रोज होणाऱ्या लहानसहान जखमांनी.

आता अशा माणसांच्या कार्यशाळेत मुकादम असण्याची कल्पना करा. जोर लावून काम करणारा मजूर इतर ठिकाणी कौतुकाचा धनी. इथे त्यालाच आधी थांबवायचं. एकाच्या उजव्या हाताला जाणीव आहे, डाव्याला नाही. दुसऱ्याची बोटं आखडली आहेत, पण तळवा शाबूत आहे. तिसऱ्याचे हात धड, पाय बधिर. त्याला मागाच्या पायपट्टीवर बसवणं धोक्याचं. अवजाराची मूठ जाड करायची, कापड गुंडाळायचं, पाळी मोडून मधे हात तपासायला लावायचे, आणि हे प्रत्येकाचं निराळं. 'सगळ्यांना सारखं काम' हा नियम तिथे न्याय्य तर नाहीच, तो जखमा करणारा आहे. आणि उलट, 'बिचारा रुग्ण आहे, बसू दे' हा नियमही तितकाच वाईट, कारण तपोवन ज्या हेतूनं उभं राहिलं त्याच्यावरच तो पाणी फिरवतो.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी हेच मुलांच्या बाबतीत केलं. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत टाकून दिलेली अनाथ, मतिमंद, मूकबधिर, दृष्टिहीन मुलं तिथे वाढली. अशा १२३ मुलांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बालगृहाला नाव आहे ते अमरावतीच्या आखाड्यातल्याच अंबादासपंत वैद्यांचं. या घरातली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन सरकारी नोकरीत गेली. दुसरं एखादं मूल स्वतःच्या हातानं जेवायला लागलं, तर त्या घरात तोही निकालच. नाव सगळ्यांना एकच, आणि पल्ला प्रत्येकाचा निराळा. आखाड्यातल्या त्या दोन थरांची मला इथे आठवण होते.

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग सिद्धांत सिद्ध झाला. तसं नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट व्हेचिओ यांनी अमेरिकेतल्या हायस्कूल शिक्षकांवर हर्सी-ब्लँचर्ड यांची मांडणी तपासली. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना मुख्याध्यापकांनी जास्त स्पष्ट सूचना दिल्या तर फायदा होतो, हे बऱ्यापैकी दिसलं. पण वरच्या पायऱ्यांबद्दल पुरावा दुबळा निघाला. म्हणजे नवख्याचं बोट धरा, हे पक्कं. जाणत्याला किती सोडा, याचं एक सूत्र नाही. फ्रेड फीडलर तर साठच्या दशकातच म्हणत होते, की पुढारी आपला स्वभाव असा सहज बदलू शकत नाही. त्यापेक्षा त्याच्या स्वभावाला जुळेल असं काम त्याला द्या. माझा अनुभव दोघांच्या मधला आहे. स्वभाव बदलत नाही हे खरं. आबाजी तापटच होते आणि तापटच राहिले. पण कोणाच्या शेजारी चालायचं आणि कोणाकडे पाठ करून बसायचं, एवढं पाय बदलू शकतात.

समोरच्याची पायरी ओळखायची कशी, हा खरा अवघड भाग. गाडगेबाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. ते स्वतः उत्तम शेतकरी होते. त्यांच्या कीर्तनाची रीत प्रसिद्ध आहे : सांगण्यापेक्षा विचारायचं. समोरच्या शेतकऱ्याला, बाईला, म्हाताऱ्याला त्याच्याच वऱ्हाडीत साधा प्रश्न टाकायचा, उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग पुढचा प्रश्न त्या उत्तरावर उभा करायचा. त्यामुळे प्रत्येक गावातलं कीर्तन थोडं निराळं होत असणार. कामाच्या ठिकाणी हीच रीत चालते. 'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे सगळेच मान डोलावतात; नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. 'कुठून सुरू करतोस?' असं विचारलं की दोन वाक्यांत कळतं, माणूस कोणत्या पायरीवर आहे.

राहता राहिला गावकऱ्यांचा तो टोमणा, माणूस पाहून वागतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७५ मध्ये डॅन्सेरो, ग्रेन आणि हागा या अभ्यासकांनी दाखवलं, की बहुतेक साहेबांच्या हाताखाली नकळत दोन गट पडतात, आतले आणि बाहेरचे. आतल्यांना बातमी आधी कळते, चांगलं काम मिळतं, चूक माफ होते. बाहेरच्यांना फक्त नियम मिळतात. ही वाटणी फार लवकर, पहिल्या काही दिवसांतच होते, आणि कौशल्यापेक्षा सूर जुळण्यावर जास्त ठरते. पुढे ग्रेन यांनीच आग्रह धरला की जवळ येण्याची संधी प्रत्येकाला देऊन पाहावी.

आपल्याकडे तर हे 'सूर जुळणं' फार जुनं आहे. कोण कोणत्या गावचा, कोणाचा भाचा, कोणत्या जातीचा, यावर शतकानुशतकं माणूस पाहून वागलं गेलं. म्हणून सामान्य माणूस 'सगळ्यांना सारखा नियम' या शब्दांना घट्ट धरून बसतो, आणि त्याचं बरोबर आहे. माझ्या मते रेषा इथे आहे : पगार, रजा, हजेरी, बढतीचे निकष, अपमान न करणं, हा आखाड्यातला पहिला थर. तो एकच हवा. बदलायचं ते फक्त शेजारी किती चालायचं हे. आणि तोही फरक असा हवा, की तो का केला हे तिघांसमोर बोलून दाखवता यावं.

या कसोटीवर आबाजी पूर्ण उतरत नाहीत, हेही सांगायला हवं. तिफनीमागे चाड्यावर मूठ धरणारी बाई किती दाट आणि किती विरळ बी पडणार हे आपल्या बोटांच्या चिमटीवर ठरवायची. तिची मूठ चुकली तर सरळ तासाचाही उपयोग नव्हता. तिला मजुरी पुरुषांपेक्षा कमी मिळायची. तिच्याकडे पाठ करून कोणी बसलं नाही आणि तिला कोणी विचारलंही नाही, की यंदा कसं करतेस. तीन गडी तीन रीतींनी सांभाळणाऱ्या माणसाला चौथं माणूस दिसलंच नव्हतं. माझ्याही हे लक्षात आलं ते खूप वर्षांनी.

तिशीतल्या गड्यानं मात्र त्या वर्षी तोंडावर विचारलं. "त्याले संगं घेऊन चालता, मले काहून नाही?" आबाजी म्हणाले, "त्याले येत नाही म्हून. तुले येते." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न विचारता जोडी जुंपली.

पोराला आबाजींनी नाल्याकडच्या अंगाच्या दोन फेऱ्या एकट्यानं हाकू दिल्या होत्या. पहिली बरी गेली. दुसऱ्या फेरीत मधेच त्यानं मागे वळून पाहिलं आणि तास वाकलं. कापूस उगवून वर आला तसं ते वाकण रस्त्यावरून दिसू लागलं, येणारे-जाणारे हसायचे. आबाजींनी ते मोडलं नाही. डवरणी आली तेव्हा नाल्याकडचा तुकडा त्यांनी त्याच पोराला दिला. जुना सालदार धुऱ्यावर बिडी ओढत बसला होता. वाकलेल्या तासापाशी आल्यावर पोरानं बैल थांबवले, डवरा अलगद उचलला, दोन पावलं सरकून पुन्हा टेकवला. धुऱ्यावरून कोणी काही बोललं नाही.